एक लेकरू, तीन वह्या

लावणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्या वरंधच्या खोऱ्यात बाई घरात सापडायची नाही. अशा भर दुपारी जवळच्या वाडीतली एक सून माझ्या पडवीत येऊन बसली. अंगावर प्लॅस्टिकचं इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले आणि हातात दोरीने घट्ट बांधलेली पिशवी. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं, तळीये दरडीखाली गेलं, तेव्हापासून आमच्याकडे महत्त्वाचे कागद असेच बांधून ठेवतात.

तिने पिशवी सोडली, तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या. यातलं कुणाचं खरं धरू, तेवढं सांगा."

तिचा मुलगा आठ वर्षांचा. जन्मल्यावर लगेच रडला नाही. पुढे मान धरायला उशीर, बसायला उशीर. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं. पोरगं हुशार आहे, डोळ्यांनी सगळं बोलतं. पण हात-पाय आणि जीभ त्याचं ऐकत नाहीत. झेडपीच्या शाळेत नाव आहे आणि जमेल तसा तो शाळेत जातो.

पहिली वही विशेष शिक्षिकेची. त्या ठरलेल्या दिवशी शाळेत येतात. वहीत उद्दिष्ट लिहिलेलं : स्वतःचे नाव लिहिणे, १ ते १० अंक ओळखणे. दुसरी वही शहरातल्या एका दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमची, म्हणजे फिजिओथेरपिस्टची. तिच्यात : सरळ बसणे, पाय मागे दुमडून बसू न देणे, ताण देण्याचे व्यायाम दिवसातून तीन वेळा. तिसरी वही वाचा उपचार करणाऱ्या मॅडमची. तिच्यात : तोंड मिटून चावणे, गरज शब्दाने सांगणे.

तिन्ही वह्या मी दोनदा वाचल्या. मैत्रिणींनो, खरं सांगू? तिन्ही बरोबर होत्या. फक्त एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

दोघींचं बरोबर, तरी चुकलं

यातून काय होतं ते बघा. नाव गिरवायचं म्हणून हा मुलगा शाळेत जमिनीवर बसायचा. कसा? तर दोन्ही पाय गुडघ्यात मागे दुमडून, बेडकासारखे बाजूला काढून. असं बसलं की त्याचा तोल जात नाही, हात मोकळे राहतात आणि पाटीवर रेघ ओढता येते. विशेष शिक्षिका कौतुकाने म्हणायच्या, "बघा, आता किती वेळ बसतो!" आणि व्यायामाच्या मॅडमनी वहीत लाल शाईने लिहिलं होतं की नेमकं असंच बसू द्यायचं नाही.

म्हणजे एकीने शिकवलेल्या तासभरात दुसरीचं काम उसवत होतं. दोघीही मनापासून काम करणाऱ्या. चूक एकीचीही नाही. पण वही आईच्या पिशवीत, आई शेतावर आणि दोघी मॅडम दोन गावांना.

आणि दिवसातून तीन वेळा व्यायाम? पहाटे पाणी, भाकऱ्या, गुरं. मग दुसऱ्याच्या शेतात लावणी. संध्याकाळी सासूचं औषधपाणी. तिने मला हळूच विचारलं, "ताई, तीन वेळा कधी करू? न केलं तर मॅडम ओरडतात. म्हणून मी 'केले' असं सांगते." हे सांगताना तिची मान खाली गेली होती. कुठल्या आईला खोटं बोलायची हौस असते, सांगा.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "तुला काय हवंय गं?" ती बराच वेळ गप्प. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग म्हणाली, "त्यानं आपल्या हातानं जेवावं. शाळेत खिचडी मिळते, पण भरवायला मला जावं लागतं. असेल त्या शेतावरनं पळत जाते. पाऊण दिवसाचीच मजुरी देतात."

तिन्ही वह्यांत जेवणाचा शब्द नव्हता. चावण्याचा होता, पण जेवणाचा नव्हता.

खिचडीचं उद्दिष्ट

ऑगस्टमध्ये विशेष शिक्षिका शाळेत आल्या, त्या दिवशी मीही गेले. मी साधी बी. ए. झालेली गृहिणी, यातली तज्ज्ञ नव्हे. मी फक्त फोन लावला. व्यायामाच्या मॅडमना आधी वेळ विचारून ठेवली होती. स्पीकर चालू केला आणि मोबाइल बाकावर ठेवला. आई समोर, मुलगा तिच्या मांडीवर.

सुरुवात अवघडच झाली. विशेष शिक्षिका म्हणाल्या, "ताई, माझ्या नोंदीत अक्षरं आणि अंक विचारतात. खिचडी कुठे लिहू?" त्यांचंही खरंच होतं. वरून तपासणी होते ती अक्षर-अंकांची. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "त्याला नीट खुर्ची हवी. त्याशिवाय हाताचं काम होणार नाही." आता तशी खुर्ची आमच्या वाडीत आणायची कुठून? दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

मग फोनवरच्या मॅडमनीच विचारलं, "शाळेत लाकडी बाक आहे का? बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकतात का?" टेकत नव्हते. फोटो काढून पाठवला. गावच्या सुताराने पायाखाली फळकूट आणि बाजूला आधाराची पट्टी ठोकून दिली. माप मॅडमनी सांगितलं, कारण त्यांनी मुलाला आधी तपासलेलं होतं. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. तिसऱ्या मॅडमशी दुसऱ्या दिवशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "पाच शब्द नकोत. एकच शब्द धरू या : अजून. तोही जेवतानाच."

मग तिन्ही वह्या बाजूला ठेवल्या, एक नवी वही घेतली आणि विशेष शिक्षिकेने तिच्यात लिहिलं : 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेत बाकावर बसून, चमच्याने, निम्मी खिचडी स्वतः खाणे. हवी असल्यास अजून म्हणणे.' नोंदीसाठी जागाही सापडली, कारण दैनंदिन जीवनातली कौशल्यं हा विशेष शिक्षणाचाच भाग आहे. खिचडीला दार मिळालं ते असं.

आता या एका वाक्यात काय काय आलं पाहा. पाय टेकवून सरळ बसणं, हे व्यायामाचं काम. चमचा धरणं आणि तोंडापर्यंत नेणं, हे हाताचं काम. आणि तेच बोट पुढे पेन्सिल धरणार. तोंड मिटून चावणं आणि मागणं, हे वाचेचं काम. किती घास झाले ते मोजणं, हे गणित. आणि आईचा दिवसही आला. वेगळा वेळ कुणालाच काढावा लागला नाही, कारण जेवण तर रोज होणारच.

सगळ्यांत मोठं काम केलं खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी. त्यांची माया अशी की मुलाने बघितलं की त्या वाढायच्या. त्यांना सांगावं लागलं, "ताई, थोडं थांबा. तो आवाज काढेपर्यंत वाढू नका." ते थांबणं त्यांना फार जड गेलं. पण त्या थांबल्या. वहीत रोज एक खूण त्याच करायच्या : बसला का, किती घास घेतले, मागितलं का.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. दिवाळीपर्यंत निम्मी खिचडी झाली नाही, निम्म्याहून कमी झाली. शर्ट रोज माखायचा. नावातलं पहिलं अक्षर तेवढं आलं. पण आठवड्यातले तीन दिवस आईला दुपारी शाळेत यावं लागेना. आणि एके दिवशी त्याने 'अजु' म्हटलं. ते पहिल्यांदा ऐकलं खिचडीवाल्या ताईंनी. पळतच वर्गात सांगायला गेल्या.

एक मात्र सांगते. बाकाचं माप, कापड गुंडाळलेला चमचा हे त्या मुलापुरतं आहे. हे वाचून आपल्या मुलासाठी तसंच करू नका. प्रत्येक मुलाचं शरीर वेगळं असतं, तपासून घ्यायलाच हवं. उचलायची आहे ती रीत.

एक मूल, तीन खाती

हे सगळं एका फोनने होत असेल, तर सगळीकडे का होत नाही? मी याचा विचार करत बसले आणि मग जुने-नवे कायदे, आदेश वाचायला घेतले.

कायद्यात कमी नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. त्या कायद्याचं सोळावं कलम शाळांना सांगतं की दिव्यांग मुलाला गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्या आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवा. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याची मुभा मिळाली.

पण आपलं मूल सरकारदरबारी एक नाही, ते वाटलं गेलंय. विशेष शिक्षक शालेय शिक्षण विभागाचे. पूर्वी सर्व शिक्षा अभियान होतं, २०१८ पासून समग्र शिक्षा. त्यांचं ठाणं तालुक्याचं गटसाधन केंद्र. थेरपिस्ट बहुतेक आरोग्य विभागाचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. विशेष शाळा तिसऱ्या खात्याच्या; त्यासाठी २०२२ च्या डिसेंबरात राज्याने वेगळा दिव्यांग कल्याण विभागच काढला.

तीन खाती, तीन रजिस्टरं. शिक्षण खातं विचारतं, किती मुलं शाळेत आली? आरोग्य खातं विचारतं, किती तपासली? दोघांची उत्तरं चांगली येतात. पण 'तो हाताने जेवतो का' हे विचारणारा रकाना दोघांकडेही नाही.

त्यात आमचा मुलूख डोंगराळ. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, वरंधहून शंभर किलोमीटरच्या वर. घाट चढून पुण्याच्या बाजूला जावं, तर पावसाळ्यात वरंध घाटाचा भरवसा नाही. २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, ते बरंच झालं. पण आठ वर्षांचं अंग कडक झालेलं मूल कडेवर घेऊन दोन एसट्या बदलायच्या, हे अर्ध्या तिकिटाने हलकं होत नाही. मजुरी बुडते ती वेगळीच.

नेमणुका आल्या, पुढे काय?

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं की प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की किती पदं लागतात ते ठरवा, जाहीर करा आणि भरा. आपल्या राज्य सरकारने २०२४ सालीच ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं ठरवलं, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यामुळे आशा आली. हे व्हायलाच हवं होतं. ज्यांची स्वतःची नोकरी दर वर्षी टांगणीला, त्यांनी मुलाचा पाच वर्षांचा विचार करायचा कसा?

पण एका केंद्रात कितीतरी शाळा, मधे ओढे आणि डोंगर. त्यातच प्रमाणपत्रांची शिबिरं, साहित्यवाटप, ऑनलाइन माहिती भरणं. तिकडे थेरपिस्टसमोर दाराबाहेर रांग. म्हणून मी कुणालाच नावं ठेवत नाही. मला म्हणायचंय ते इतकंच : शिक्षक किती हवेत हे मोजलं गेलं, ते चांगलं झालं. पण त्या शिक्षकाने थेरपिस्टशी कधी बोलायचं, आणि दोघांनी मिळून मुलाचं एक उद्दिष्ट कधी ठरवायचं, हे कुणाच्या कामात लिहिलंय? जे कुणाच्याच कामात नाही ते कुणीच करत नाही. मग ते आईच्या गळ्यात पडतं.

कुणी म्हणेल, शहरातल्या विशेष शाळा बघा. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासूनची. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली. अशा संस्थांनी आपल्याला वाट दाखवली, हे नक्की. तिथे शिक्षक आणि थेरपिस्ट एका आवारात असू शकतात, जाता-येता बोलणं होतं. पण आवार एक असलं म्हणून मन एक होतंच असं नाही. मुलाला अर्धा तास थेरपीच्या खोलीत न्यायचं आणि परत वर्गात आणून बसवायचं, एवढंच होत असेल तर तिथेही दोन वह्याच.

अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला. तेव्हापासून तिथे प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा वैयक्तिक आराखडा लेखी करावा लागतो आणि वर्षातून एकदा तरी तो पुन्हा तपासावा लागतो. शिक्षक, विशेष शिक्षक आणि आई-वडील एकत्र बसतात आणि थेरपीची गरज असेल तर तीही त्याच आराखड्यात लिहितात. आई तिथे पाहुणी नसते, सभासद असते. आपल्याकडेही 'आयईपी' नावाने हा आराखडा होतो. पण तो भरताना आईची सही घेतात, तिचं म्हणणं घेतात का?

आपण काय करू शकतो?

मोठे बदल व्हायचे तेव्हा होतील. पण चार गोष्टींना शासनाचा आदेश लागत नाही.

पहिली, वही एकच ठेवा. शाळा, दवाखाना, घर, सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं. कुणी वेगळा कागद दिला तर तो तिच्यात चिकटवा. 'मॅडम, आधी मागचं पान वाचा', असं म्हणायला लाजू नका.

दुसरी, एका वेळी एकच उद्दिष्ट आणि तेही रोजच्या जगण्यातलं. ते बरोबर आहे का, याची परीक्षा सोपी आहे. खिचडीवाल्या ताईंना बघून सांगता येईल का, की आज झालं की नाही? 'हाताचे समन्वय सुधारणे' हे त्यांना नाही सांगता येणार. 'पाच घास खाल्ले' हे सांगता येईल.

तिसरी, महिन्यातून एक फोन. विशेष शिक्षिका शाळेत येतील त्या दिवशी, थेरपिस्टना आधी वेळ विचारून, स्पीकरवर, आईच्या समोर. आमचं काम वीस मिनिटांत झालं होतं. आणि थेरपिस्टना एक विनंती : व्यायाम किती वेळा करायचा हे सांगण्याआधी आईचा दिवस कसा जातो ते विचारा. आंघोळीच्या वेळी, कपडे घालताना, जेवताना बसवता येईल असा एकच व्यायाम दिलात तर ती खरंच करेल आणि खरंच सांगेल.

चौथी, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याचं एकविसावं कलम वाचा. या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही जागा द्यायची आहे आणि २०१२ पासून दिव्यांग मुलं या घटकात येतात. तुमच्या गावच्या समितीत अशी एखादी आई आहे का? नसेल तर पुढच्या निवडीच्या वेळी तिचं नाव सुचवा. ती संकोचेल, तर तुम्ही तिच्याशेजारी बसा. समितीच्या बैठकीत वर्षातून दोनदा तरी या मुलांच्या वह्या उघडा.

आणि हो, मुलगी असेल तर आधी वही आहे का ते बघा. मुलाला कडेवर घेऊन दवाखाने पालथे घालणारी घरं मी पाहिली आहेत आणि मुलीला मागच्या खोलीत ठेवणारीही पाहिली आहेत. समग्र शिक्षेत दिव्यांग मुलींसाठी महिना दोनशे रुपयांचा भत्ता दहा महिने ठेवलेला आहे. रक्कम थोडी आहे, पण तिच्या निमित्ताने मुलीचं नाव पटावर आणि तिची वही शाळेत येते.

जाता जाता त्या मुलाचं सांगते. जानेवारीत व्यायामाच्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. माझ्या पोटात धस्स झालं. आजवर प्रत्येक नव्या माणसासमोर त्या आईला पहिल्यापासून सांगावं लागलं होतं : जन्मला तेव्हा रडला नाही, मान उशिरा धरली... यावेळी ती नव्या मॅडमसमोर बसली, पिशवीची दोरी सोडली आणि वही पुढे केली. मॅडमनी मागची पानं चाळली, खिचडीवाल्या ताईंच्या खुणा बोटाने मोजल्या आणि विचारलं, "निम्म्यापर्यंत आलाय का? मग आता पाण्याचा पेला धरायचा का?"

आई म्हणाली, "धरू या. पण लावणीच्या आधी."

मॅडमनी तेच लिहिलं. त्याच वहीत.